वार्डातला खोकला

आपल्या वस्तीत एक बोलणं नेहमी कानावर येतं. 'चांगला बोलत-चालत गेला आणि इस्पितळात जाऊन मेला.' कुणी नशिबाला बोल लावतं, कुणी डॉक्टरला शिव्या घालतं. कार्यकर्त्यानं एवढ्यावर थांबू नये. इस्पितळात माणसाला नवा रोग लागतो कसा, आणि तो नेमका कुणाला लागतो, हे समजून घेतलं पाहिजे. त्या 'कुणाला' या शब्दात जात दबा धरून बसलेली आहे.

माझा बाप गिरणीत कार्डिंग खात्यात होता. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, छातीत गेलेली कापसाची भुकटी मात्र राहिली. सुट्टीनंतर सोमवारी खात्यात पाय टाकला की छाती आवळायची, असं तो सांगायचा. डॉक्टरी भाषेत त्याला बिसिनोसिस म्हणतात. २०१५ च्या फेब्रुवारीत म्हातारा चाळीच्या जिन्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. एका सार्वजनिक इस्पितळात भरती केला. वार्डात खाटेला खाट लागलेली. दोन खाटांच्या मधल्या फटीत जमिनीवर गादी टाकून तिसरा रोगी. सहाव्या दिवशी बापाला ताप भरला, खोकला सुरू झाला. अकराव्या दिवशी तो गेला. हाड मोडलं होतं मांडीचं, माणूस मेला न्यूमोनियानं.

त्या वर्षी देशभर स्वाइन फ्लूची साथ होती आणि बापाच्या तपासणीत तोच निघाला. इन्फ्लुएंझाचा विषाणू अंगात शिरला की साधारण एक ते चार दिवसांत ताप येतो. बाप सहा दिवस खाटेवरून हलला नव्हता. हिशेब सोपा आहे. रोग त्यानं घरून नेला नव्हता, त्याला तो वार्डात मिळाला.

मिळतो कसा? खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसाच्या तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब हातभर अंतरावर पडतात, बारीक थेंब बंद खोलीत हवेवर तरंगत राहतात. खाटेचा दांडा, सलाईनचा स्टँड, बेडपॅन, नळाची तोटी यांवर इन्फ्लुएंझाचा विषाणू दिवसभरसुद्धा जिवंत राहू शकतो. तिथून तो हातावर येतो, हातावरून नाकाडोळ्यांत. इन्फ्लुएंझा एकटा नाही. तान्ह्या पोरांच्या छातीत भरणारा आर.एस.व्ही. आहे, अॅडिनो आहे, कोरोना आहे. सगळ्यांची वाट हीच.

आणि तो जिवावर बेततो कुणाच्या? म्हाताऱ्यांच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या पोरांच्या, साखरेच्या आणि हृदयाच्या रोग्यांच्या, टी.बी.नं किंवा धुळीनं फुप्फुस आधीच खाल्लेल्यांच्या. परळला टाटा इस्पितळाच्या बाहेर फूटपाथवर दिवस काढणारे रोगी आपण बघतो. कर्करोगाच्या औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. साधी सर्दी त्यांना महागात पडते, आणि त्यांच्या अंगातला विषाणू आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो.

डॉक्टर याला 'जोखमीचे घटक' म्हणतात. यादी बरोबर आहे, पण अर्धी आहे. बापाचं फुप्फुस कमजोर होतं असं लिहून भागत नाही, ते कमजोर कुणी केलं हेही लिहावं लागतं. गिरण्यांमध्ये आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथं पगार जास्त, पण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराच्या थुंकीला लागलेला दोरा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. ज्या समाजाला आपल्या थुंकीचा एवढा विटाळ होता, त्याला थुंकीतून खरोखर काय पसरतं याची मात्र कधी फिकीर नव्हती. विषाणूला जात कळत नाही. पण जातीनं माणसांची घरं, खाती आणि खाटा ठरवून ठेवलेल्या असतात, आणि विषाणू त्या ठरलेल्या वाटेनं येतो.

पुरावा पाहिजे? १९१८ घ्या. त्या वर्षी १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. जहाजांतून उतरलेली इन्फ्लुएंझाची साथ शहरभर झाली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं मेली. सरकारी दप्तरात दर हजारी मृत्यूचे आकडे आहेत. युरोपियन ८.३. पारशी ९. इतर हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' ६१.६! विषाणू एकच, शहर एकच. फरक खोलीतल्या हवेचा, पोटातल्या अन्नाचा, आणि आजारी पडल्यावर निजून राहता येतं की नाही याचा.

तो शेवटचा फरक आजही वार्डात झाडू मारतो. बापाच्या वार्डात एक सफाईवाली यायची, आपल्याच समाजातली, कंत्राटावर. अंगात ताप, नाकाला पदर लावून फरशी पुसायची. मी म्हटलं, "मावशी, घरी का नाही पडून राहत?" ती म्हणाली, "राहीन रे बाबा, पन खाडा कोन भरून देनार? दोन खाडं झालं की मुकादम दुसरी बाई उभी करतो." बापाला तिच्याकडून लागलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरकडून, शेजारच्या खाटेकडून, भेटायला आलेल्या पाहुण्याकडून, कुणाकडूनही लागलं असेल. पण ज्या बाईला आजारी पडायची परवानगी नाही, तिला कामावर ठेवणारी पद्धत रोग्याचाही बळी घेते आणि तिचाही. २०२० च्या एप्रिलात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी इस्पितळात २६ नर्सेस आणि ३ डॉक्टरांना कोविड निघाला आणि अख्खं इस्पितळ सील झालं. तिथं खाटांची दाटी नव्हती, पैशाला तोटा नव्हता. काम करणाऱ्याला संरक्षण नसलं की संगमरवरी फरशीही कामाला येत नाही.

म्हणून मित्रांनो, इस्पितळावर मोर्चा नेताना नुसती औषधं मागू नका. दोन खाटांत निदान एक मीटर अंतर मागा. वार्डाच्या खिडक्या उघडतील असं बघा. जागतिक आरोग्य संघटना दर रोग्यामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगते. खोकणाऱ्या रोग्याला वेगळी जागा मागा. नळाला पाणी आणि साबण मागा. कंत्राटी सफाईवाल्यांना, आयाबायांना, वॉर्डबॉयना मास्क, दरवर्षी फ्लूची लस आणि आजारपणाची भरपगारी रजा मागा. ही रजा म्हणजे रोग्याचं औषध आहे, हे युनियनवाल्यांनाही पटवा. आणि आपल्या घरातल्या सर्दीवाल्याला रोगी भेटायला नेऊ नका.

एक काम लगेच करता येईल. १९१८ च्या गोऱ्या सरकारनं निदान मेलेल्यांची जात मोजली. कोविडमधल्या मृत्यूंचे जातवार आकडे आपल्या सरकारनं छापले नाहीत. तेव्हा आपणच मोजू. वस्तीतला कुणी भरती झाला की वहीत दोन तारखा लिहा. दाखल झाल्याची एक, ताप आल्याची एक. मधे दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर दिसलं की वार्डातूनच लागल्याचा संशय धरा आणि डॉक्टरला तसं विचारा. शंभर घरांच्या अशा तारखा जमल्या की नशिबाची भाषा आपोआप बंद होईल.