बॅटरी फुल होती, तरी...

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. आज मी त्याच विषयाच्या जवळचा, पण माझ्या घरात घडलेला प्रसंग सांगणार आहे. त्यात एक बॅटरी आहे, शाळेत शिकतो तो ओहमचा नियम आहे आणि माझे बाबा आहेत.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात. चारही बाजूंना धानाच्या बांध्या. पावसाळ्यात वारा सुटला की कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि लाईन जाते. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. पण वीज तयार होणं वेगळं आणि ती शेवटच्या खांबावरून घरात पोचणं वेगळं. म्हणून आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. १५० अँपिअर-अवर क्षमतेची, १२ व्होल्टची एक बॅटरी. चार वर्षं तिच्यावर दोन पंखे, तीन बल्ब चालले. कधी तक्रार नाही.

मग बाबांच्या फुप्फुसाचा आजार वाढला. डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन घरात आलं. ते साधारण ३५० वॉट वीज खातं. मी शिक्षक माणूस, लगेच कागद घेतला. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॉट-अवर. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ३५० ऐवजी ४४० वॉट धरले. भागाकार केला तर चार तास आले. आईला म्हटलं, "काळजी नको करू, चार तास आरामात निघतात."

ऑगस्टमधली रात्र. एक वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली. मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, मी कूस बदलून झोपलो. पावणेदोनला कर्कश आवाजाने जाग आली. मशीन बंद पडून ओरडत होतं. इन्व्हर्टरही बंद. चार तासांचा हिशेब पस्तीस मिनिटांत संपला होता.

अंधारात आई मेणबत्ती घेऊन धावत आली. मी ओरडलो, "आई, मेणबत्ती नको! आधी विझव!" ऑक्सिजनजवळ ज्योत नेणं म्हणजे आगीला बोलावणं. बिचारी दचकली, आणि मला आजही त्या ओरडण्याचं वाईट वाटतं. घरात एक लहान सिलिंडर होता, पण तो उघडायची चावी सापडेना. मोबाईलच्या उजेडात कपाट, ताक, फळी सगळं पाहिलं. शेवटी चावी शिलाई मशीनच्या खणात मिळाली. तोपर्यंत बारा मिनिटं गेली होती. बाबा पलंगावर उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली. एक शब्द बोलले नाहीत. बोलायला श्वास नव्हता.

सिलिंडर लागला, बाबा सावरले. सकाळी माझी नववीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, संध्याकाळी तर इन्व्हर्टरवर फुल लिहून आलं होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. खाटेवरून बाबाच हळू आवाजात बोलले, "आपला तलाव नाई पायला का? पावसात काठोकाठ भरलेला दिसते. गाळ किती बसला हे उन्हाळ्यातच समजते."

आमच्या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले. गाळ साचला की तलाव भरतो तसाच, पण पाणी मावतं कमी. बॅटरीचं नेमकं हेच झालं होतं.

शिसे-आम्ल बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं. चार्ज केल्यावर ते परत विरघळतं. पण बॅटरी बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली, किंवा पाणी कमी होऊन पट्ट्या उघड्या पडल्या, तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि ते सहज जात नाहीत. हाच तो गाळ. अशी बॅटरीसुद्धा विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवू शकते आणि इन्व्हर्टर तिला 'फुल' म्हणतो. मी झाकणं उघडली तर सहापैकी दोन घरांत पाणी पट्ट्यांच्या खाली गेलं होतं. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं काम माझंच होतं. दोष कोणाला देणार?

शिवाय माझ्या गणितातही चूक होती. बॅटरीतून वीज जितक्या जोरात खेचावी, तितकी ती एकूण कमी देते. दोन पंख्यांनी हे कधी कळू दिलं नाही. मशीनने एका रात्रीत कळवलं.

नवी बॅटरी आणली. पण आता नुसत्या हिरव्या दिव्यावर भरवसा नव्हता. बॅटरीच्या पोटात काय चाललंय ते दिसायला हवं होतं. तेव्हा मला होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर सापडलं. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि मुख्य म्हणजे घरातल्याच संगणकावर चालतं. इंटरनेट गेलं तरी त्याचं काम थांबत नाही. मी ते जुन्या लॅपटॉपवर बसवलं.

व्होल्टेज मोजायला ईएसपी-३२ नावाचा छोटा बोर्ड घेतला. त्याच्या पिनेला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही आणि बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. इथे मुलीला कामाला लावलं. ४७ हजार आणि १० हजार ओहमचे दोन रोध एकसर जोडले तर लहान रोधावर किती व्होल्ट येतील? तिने वहीत मांडलं : १४.४ गुणिले १० भागिले ५७, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट. "पप्पा, बसतंय!" ती ओरडली. वर्गात हेच गणित तिला कंटाळवाणं वाटलं होतं. आजोबांच्या श्वासाशी जोडलं गेलं तेव्हा तिने ते दोनदा तपासलं.

बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज लावला. लाईन आहे की नाही हे कळायला, इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये मोबाईलचा एक चार्जर लावला आणि त्याचे ५ व्होल्ट रोधांनी कमी करून बोर्डाला दिले. बोर्डाचे आकडे मल्टीमीटरशी ताडून दुरुस्त केले, कारण सुरुवातीला त्यांत फरक येत होता. २३० व्होल्टच्या तारांना मात्र मी हात लावला नाही. ते काम वायरमनने केलं.

मग एका रविवारी परीक्षा घेतली. बाबांना सिलिंडरवर ठेवलं, मेन स्विच बंद केला आणि मशीन रिकामंच बॅटरीवर चालवलं. लॅपटॉपवर रेषा हळूहळू उतरत होती. ११.५ व्होल्टला थांबलो. दोन तास पाच मिनिटं. कागदावर चार तास, प्रत्यक्षात दोन. पण आता हे दोन तास खरे होते. त्यावरून नियम ठरवले. लाईन गेली की फोनवर निरोप. ११.८ ला दुसरा निरोप. ११.५ ला धोक्याची सूचना. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधली. या साऱ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त आणि कदाचित सगळ्यात मोलाची वस्तू ती दोरीच.

आठवड्याभरातच एका दुपारी लाईन गेली, तेव्हा मी शाळेत होतो. निरोप आलाच नाही. घरचा राऊटर इन्व्हर्टरवर जोडलेलाच नव्हता, लाईनसोबत तोही बंद! मुलगी हसून म्हणाली, "पप्पा, निरोप्याच झोपला." राऊटर इन्व्हर्टरवर घेतला. पण गावचा टॉवर बंद पडला तर? म्हणून बोर्डालाच एक बझर जोडला. त्याला ना इंटरनेट लागतं, ना फोन.

जूनच्या सुरुवातीला मोठं वादळ आलं. रात्री साडेअकराला लाईन गेली. फोन वाजला. मी उठून सिलिंडर पलंगाजवळ आणला आणि पुन्हा पडलो. एक वाजायच्या सुमारास दुसरा निरोप आला. थोड्या वेळाने बझर वाजला, तोपर्यंत मी सिलिंडर उघडून नळी बदलली होती. टॉर्च होता, चावी हाताशी होती, आई मेणबत्ती शोधत नव्हती. लाईन पहाटे चारला आली.

सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "काऊन रे बाबू, रात्री लाईन गेलती का?"

मी म्हटलं, "हो बाबा, थोडा वेळ."

मित्रांनो, सॉफ्टवेअरने बॅटरीत एक थेंब पाणी टाकलेलं नाही. ते मलाच टाकावं लागतं. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पाणी पाहतो आणि दर तीन महिन्यांनी मुलगी बॅटरीची परीक्षा घेऊन वेळ वहीत लिहिते. नोंद ठेवल्यानं बॅटरी म्हातारी व्हायची थांबत नाही. पण ती म्हातारी होतेय हे आता आम्हाला मध्यरात्री नाही, रविवारी सकाळी कळतं.

तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर आज घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन एवढंच पाहा : पाणी शेवटचं कधी टाकलं होतं? खोलीत वारा खेळता ठेवा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि जवळ काडी पेटवू नका. मग 'आमच्या घरची बॅटरी' या विषयावर दहा ओळी लिहा. ती 'फुल' आहे असं लिहू नका. ती किती वेळ चालते, ते मोजून लिहा.