टाका उलटून बघा

बेळगावच्या कॅम्पात बुटाचा तळ शिवायचं जुनं मशीन विकायला आलं की बघायला आलेली मंडळी आधी पाटी पुसतात. मी कातड्याचा जाड तुकडा घालून चार टाके मारायला सांगतो आणि तो उलटून बघतो.

एका अंगाला साखळी दिसली तर मशीन ब्लेकच्या घराण्यातलं. लायमन ब्लेकनं १८५८ साली त्याचं पेटंट घेतलं. गॉर्डन मॅकेनं ते हक्क विकत घेतले आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचे बूट त्यावर शिवले गेले. ह्यात शिंगासारखा दांडा बुटाच्या पोटात शिरतो, एकच दोरा त्याच्या टोकातून येतो आणि आतला तळ, वरचं कातडं, बाहेरचा तळ एकदम शिवला जातो. काम झटपट होतं, बूट हलका राहतो. पण टाका आरपार असल्यानं पावसाळ्यात मोजा भिजतो. बेळगावच्या पावसात हा दोष लहान नव्हे.

दोन्ही अंगांना सारखा टाका दिसला तर ते वेल्टचं, म्हणजे बुटाच्या काठाच्या पट्टीला तळ शिवणारं: सेंट लुईसचं लँडिस बारा नंबर, नाहीतर कार्ल्सरूहचं युंकर अँड रू. आरी भोक पाडते, मागून वाकडी सुई येते, मेणातला दोरा खालच्या दोऱ्याशी कातड्याच्या मधोमध गुंततो. शिवण फक्त काठावर, बुटाच्या आत काही जात नाही. म्हणून तळ पुन्हापुन्हा बदलता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शेजारी. टाचा आपटून झिजलेल्या बुटांना माझ्या मते हीच शिवण.

तिसरं सिंगर २९ के. ‘मामा, सोलबी बसतंय की ह्यावर!’ असं सांगून विकतात. त्याचा दाब-पाय चौफेर फिरतो, ठिगळाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण जाड तळ त्याचं काम नव्हे. हात आखूड की लांब, बॉबिन लहान की मोठी, ह्यावर त्यातले बरेच नंबर बदलतात.

निपाणी-अथणीकडच्या कोल्हापुरी चपलेला मात्र यातलं काहीच लागत नाही. तिचा तळ कातड्याच्या वादीनं, हातानं शिवतात. तिच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात (जीआय) महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव धरून कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत.

तेव्हा टाका बघून मशीन घ्यायचंच ठरलं तर मालकाला आधी सुईचा नंबर विचारा, ती सुई बाजारात मिळते का बघा, आणि मगच पैसे मोजा.