तीन लिटर दूध, एक किलो स्ट्रॉबेरी आणि त्याचा हिशेब

आजची नोंद शेताची नाही, गोठ्यातून स्वयंपाकघरात गेलेल्या दुधाची आहे. भात झोडून झाला, वाल उभा आहे, बांधावर काही विशेष नाही. पण घरात दोन म्हशी ठेवायच्या की काढायच्या हा विषय दिवाळीपासून चालू आहे. पेंड महाग, दुधाचा भाव आपल्या हातात नाही, आणि आसपासच्या जमिनींवर एकेक करून फार्महाऊसची कुंपणं पडतायत. मुलगा म्हणतो काढून टाकू. त्याचं अगदीच चूक नाही. पण काढायच्या आधी दुधाचा दुसरा काही पैसा होतो का, ते बघायचं ठरवलं.

सूनबाईनं मोबाईलवर स्ट्रॉबेरी चीजकेक बघितला होता. खाली बिस्किटाचा चुरा, मध्ये चीज, वर स्ट्रॉबेरी, त्यावर कुरकुरीत काहीतरी. फार्महाऊसला येणारे मुंबईचे पाहुणे असलं मागतात. मी म्हणलं, हे तर आपलं श्रीखंडच, फक्त थर लावून. तिला पटलं नाही, पण करून बघायला तयार झाली.

आधी चीजचं समजून घेऊ. त्या केकात जे क्रीम चीज लागतं, ते अमेरिकेत १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं. दुधात साय मिसळून, विरजून, पाणी काढून टाकलेला गोळा तो. तिथल्या नियमानं त्यात कमीत कमी ३३ टक्के फॅट लागते. आपला चक्का त्याचाच चुलतभाऊ. फरक एवढाच, की चक्क्यात फॅट कमी आणि आंबटपणा जास्त. म्हशीच्या दुधाला साडेसहा-सातची फॅट लागते, म्हणून चक्का दाट होतो, आणि वरून घरची साय घातली की बाजारातलं चीज आणायची गरज राहत नाही. गाईच्या दुधाचा चक्का कमी पडतो आणि सैलही राहतो.

आता स्ट्रॉबेरी. ती आपल्याकडं खोपोलीत पिकत नाही, आणि कोणी रोपं विकायला आला तर पैसे घालू नका. तिला रात्रीची थंडी लागते, आपण घाटाच्या पायथ्याला. पिकते ती वर, महाबळेश्वर-पाचगणीला. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिलार गाव २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, पण त्याआधीपासून ते स्ट्रॉबेरीचं गाव. पाचगणीला मॅप्रोनं १९५९ पासून फळांचे जॅम-सरबत करून एका फळावर किती धंदा उभा राहतो ते दाखवलंच आहे. नाशिक जिल्ह्यात सुरगाण्याकडंही आता लागवड होते. पुण्यावरून द्रुतगती मार्गानं वाशीला जाणारा माल घाट उतरून आमच्या उशाशीच येतो, म्हणून डिसेंबर ते मार्च इथं ताजी मिळते.

घेताना एक बघा. केळं, चिकू, आंबा काढल्यावर आढीत पिकतात. स्ट्रॉबेरी पिकत नाही. देठाशी पांढरी असली तर रंग थोडा चढेल, पण गोडी वाढत नाही. म्हणून देठापर्यंत लाल आणि वास येणारीच घ्या. लहान-मोठी चालते, आपल्याला शिजवायची आहे, तेव्हा मोठ्या दाण्याचा जादा भाव देऊ नका. आणि कृषीवाल्या मित्रांसाठी गंमत म्हणून सांगतो, वर जे बारीक पिवळे ठिपके दिसतात तीच तिची खरी फळं, लाल गर म्हणजे फुगलेला देठाचा भाग.

खालचं प्रमाण पाव लिटरच्या १६ ग्लासांना पुरतं.

चक्का: ३ लिटर म्हशीचं दूध तापवून, कोमट करून रात्री विरजण लावायचं. दही नुकतं लागलं की लगेच मलमलच्या फडक्यात बांधायचं, आंबट होऊ द्यायचं नाही. दहा-बारा तास टांगून ठेवायचं, शेवटचे दोन तास वर पाट्याचं वजन. आम्हाला १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास मिळतो. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात भाकरीचं पीठ मळतो, उरलेलं पारडाला. चक्क्यात २०० ग्रॅम साय, २५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि एका लिंबाची वरची पिवळी साल किसून. पुरणयंत्रातून एकदा फिरवायचं. वेलची नको, वेलची घातली की लोक श्रीखंड म्हणतात आणि श्रीखंडाचाच भाव देतात.

खालचा थर: २५० ग्रॅम नाचणीचं पीठ १०० ग्रॅम तुपात मंद आचेवर खमंग भाजायचं, खाली उतरून ७५ ग्रॅम किसलेला गूळ. ग्लासात दोन चमचे घालून वाटीच्या बुडानं दाबायचं. बिस्किटापेक्षा ही चव पाहुण्यांना वेगळी लागते. आमच्या डोंगरउतारावर ठाकूरवाडीत नाचणी होते, तिथूनच घेतो.

स्ट्रॉबेरी: १ किलोतली ६०० ग्रॅम चिरून १५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाच्या रसात दहा मिनिटं शिजवायची. उरलेली ४०० ग्रॅम बारीक फोडी करून शेवटी कच्चीच घालायची, वास त्याच्यातच असतो. घट्ट करायला ७ ग्रॅम चायना ग्रासची पूड. ती २०० मिली पाण्यात वेगळी, चांगली उकळून घ्यायची आणि मग गरम फळात मिसळायची. आंबट रसात घालून उकळत ठेवली तर तिचा जोर कमी होतो.

जिलेटिन का नाही, हे विचाराल. एक तर ते जनावराच्या कातडी-हाडाचं. महडच्या वरदविनायकाला आलेला माणूस ते खाणार नाही, आमच्याकडचे माळकरीही नाहीत. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचा. दुसरं, जिलेटिन आपल्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर पाघळतं. चायना ग्रास एकदा धरला की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. खोपोलीत १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र आहे, तरी गावात दुपारी वीज जायची ती जातेच. अशा वेळी थर उभा राहणं महत्त्वाचं. चक्का मात्र दुधाचाच पदार्थ, तो थंडच ठेवायचा. वीज लांबली तर बर्फाच्या पेटीत.

वरचा चुरा: यावर आमची जास्त डोकेफोड झाली. लोणावळ्याची चिक्की घाटाच्या वरच आहे, घाटात रेल्वेचं काम चाललेलं तेव्हा मजूर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी खायचे, त्यातून ती आली असं सांगतात. तोच धागा धरला. घरच्या भाताचे १०० ग्रॅम जाड पोहे कोरडेच कुरकुरीत भाजले, १०० ग्रॅम शेंगदाणे भाजून सोलून भरड केले. १०० ग्रॅम गुळाचा कडक पाक, म्हणजे थेंब पाण्यात टाकला की गोळी टणकन वाजली पाहिजे. त्यात दोन्ही ढवळून, तूप लावलेल्या पाटावर पातळ लाटून, गार झाल्यावर बत्त्यानं चुरा. गूळ हवेतलं पाणी ओढतो, आणि ओल्या थरावर तर तासाभरात मऊ पडतो. म्हणून चुरा ग्लासात भरायचा नाही, वेगळ्या छोट्या पुडीत द्यायचा. खाणाऱ्यानं स्वतः वर टाकायचा. कुरकुरीतपणाचं सगळं गणित या पुडीत आहे.

लावायचा क्रम: नाचणी, त्यावर चक्का, दोन तास गार, मग कोमट झालेली स्ट्रॉबेरी. फार गरम ओतली तर चक्क्यात खड्डा पडतो, फार गार केली तर भांड्यातच धरते. रात्रभर फ्रिज.

आता हिशेब, कारण त्याच्यासाठीच हा खटाटोप. दूध ३ लिटर, रतिबाच्या ६० रुपये भावानं १८०. साय ४०. स्ट्रॉबेरी ३००. साखर २०. नाचणी-तूप-गूळ १००. चुऱ्याचं सामान ४०. चायना ग्रास आणि लिंबं १५. झाकणाचे ग्लास १००. गॅस-वीज ५०. एकूण ८४५, म्हणजे ग्लासाला ५३ रुपये. आम्ही १०० ला दिला. १६०० आले, ७५५ उरले.

मुलगा खूश झाला, म्हणाला बघा, ९० टक्के... मी म्हणलं थांब. यात तुझ्या आईचे पाच तास आणि सुनेचे पाच तास आहेत. शेतावर बाईला आठ तासांचे ४०० देतो, त्या भावानं हे ५०० झाले. म्हणजे खरे उरले २५५. आपल्या घरातल्या बायांची मजुरी शून्य धरली की कुठलाही जोडधंदा फायद्याचा दिसतो. कृषी मेळाव्यातल्या कितीतरी यशोगाथा याच शून्यावर उभ्या असतात. म्हणून ठरलं ते असं: ५०० दोघींचे, त्यांच्या हातात, त्याच दिवशी. २५५ म्हशींचे, पेंडीच्या डब्यात.

आठवड्याला दोन घाणे जातायत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर. पेंडीला ५१० येतात. दोन म्हशींची सगळी पेंड त्यात निघत नाही, पण रतिबाच्या पैशाला जोड मिळाली की तूट भरते. मार्चनंतर स्ट्रॉबेरी संपेल, तेव्हा करवंदं. एप्रिल-मे मध्ये ठाकूर-कातकरी बाया घाटरस्त्याला टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून घेऊ. अर्धकच्ची करवंदं स्वतःच घट्ट होतात, चायना ग्रासही कमी लागेल, आणि फळाचा खर्च खाली येईल. अननस, पपई कच्ची घालू नका, चक्का कडवट होतो. पावसाळ्यात झेनिथ धबधब्याला गर्दी असते, पण ते गिऱ्हाईक भजी-चहाचं, त्याच्यावर मी काही धरलेलं नाही.

कोणाला विकायला करायचं असेल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी काढा, ग्लासावर तारीख लिहा, आणि तीन दिवसांवर ठेवू नका. आणि चीज वापरलं नसेल तर चीजकेक म्हणू नका. आम्ही चक्का-स्ट्रॉबेरी असंच लिहितो. पाहुण्यांनी त्याबद्दल अजून तक्रार केलेली नाही.

म्हशींचा निर्णय होळीपर्यंत पुढं ढकलला आहे. दलाल परवा येऊन गेला, त्याला एक ग्लास दिला. खाल्ला आणि म्हणाला, शिमग्यानंतर बघू. पुढची नोंद वालाच्या शेंगेवरच्या अळीची.