हिंगोलीचा समुद्र

हिंगोलीला समुद्र आहे असे म्हटले तर पुण्या-मुंबईचे वाचक माझ्या पदवीविषयीच शंका घेतील. तेव्हा आधी भूगोल सांगून टाकतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा आमचा जिल्हा काळ्या पाषाणावर आणि काळ्या मातीवर बसला आहे. औंढ्याचा नागनाथ, नामदेवांची नरसी, वसमतची हळद आणि हिंगोलीचा दसरा ही आमची भूषणे. कयाधू गावाजवळून वाहते. ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि असे करत करत आमचे पाणी गोदावरीच्या हाताने पार बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. मुंबईचा समुद्र कावळ्याच्या वाटेने मोजला तरी साडेचारशे किलोमीटर. एक समुद्र लांब आणि दुसरा त्याहून लांब, अशी आमची स्थिती.

मीठ मात्र आमच्याकडे फार पूर्वीपासून चालत येते आणि अगदी शब्दशः चालत येते. आगगाडी येण्यापूर्वी कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर आणणारे लमाण याच मुलुखातून फिरत, आणि ‘लमाण’ हा शब्द ‘लवणा’वरूनच आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. कळमनुरी-सेनगावकडे त्यांचे तांडे आजही आहेत. ही व्युत्पत्ती मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. मिठाच्या गोणीमागे अख्खा समुद्र घरात येऊ शकतो, हे मात्र शेजारच्या काकांमुळे कळले.

काका पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. धरणे, कालवे, दरवाजे यांत त्यांचा जन्म गेला. काकू मालवणच्या. लग्न होऊन मराठवाड्यात आल्या त्याला पस्तीसहून अधिक वर्षे झाली. भाषा आमच्यासारखी झाली, भाकरी आमच्यासारखी झाली. राग आला किंवा गलबलून आले की तेवढी मालवणी बाहेर येते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि माहेरी जाणे संपले. एक दिवस काका मला म्हणाले, “सर, आयुष्यभर मी लोकांच्या गावाला पाणी नेऊन दिले. हिला तेवढे राहिले.” मी ते वाक्य म्हणून ऐकले. काकांनी ते काम म्हणून घेतले होते.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी काचेची टाकी बैठकीत आली. सुमारे अडीचशे लिटर पाणी. समुद्राच्या एका लिटरात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पावणेनऊ किलो मीठ लागले. आपले स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या क्षारांत शंभरातले पंच्याऐंशी भाग सोडियम आणि क्लोराइडचे खरे, पण उरलेल्या पंधरांत गंधकाचे क्षार, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मंडळी असतात आणि त्यांच्यावाचून समुद्रातला जीव तग धरत नाही. म्हणून त्यासाठी खास तयार केलेले मीठ मागवावे लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, लोणार जवळ आहे, तिथलेच खारे पाणी का आणत नाही? प्रश्न हुशारीचा होता. पण लोणारचे पाणी खारटाबरोबर विलक्षण अल्कधर्मी. त्यात मासा घालणे म्हणजे त्याला धुण्याच्या सोड्यात घालण्यासारखे आहे.

पाणी झाले, मीठ झाले. आता मासे, असे आम्हाला वाटले. काका म्हणाले, “सहा आठवडे थांबायचे.” माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो आणि तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. ही सूक्ष्म प्रजा दगडांच्या छिद्रांत वसायला महिना-दीड महिना लागतो. काकूंनी हे एका शब्दात समजून घेतले : विरजण. दगडही काकांनी स्वतः केले, सिमेंट, वाळू आणि जाडे मीठ कालवून. पाण्यात ठेवले की मीठ विरघळते आणि छिद्रे राहतात. पण ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, म्हणून ते दगड कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात. काँक्रीट भिजवण्यात काकांचा हात कोण धरणार! त्या काळात गल्लीतली माणसे येऊन रिकाम्या टाकीसमोर बसत, चहा घेत, आणि जाताना हळूच मला विचारत, “सर, काकांची तब्येत ठीक आहे ना?”

हे वेड काही आजचे नव्हे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून कृत्रिम सागरजल करण्याची कृतीही त्याने दिली. मग काय, इंग्लंडात घरोघरी काचेचे समुद्र झाले, आणि त्यांत घालण्यासाठी लोकांनी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी ओरबाडून काढली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांविषयी फार व्यथेने लिहिले आहे. एका भल्या माणसाने दाखवलेल्या सौंदर्याचा असा शेवट व्हावा, ही गोष्ट मी काकांना सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण ऐकून घेतले.

आपल्या लोकांना समुद्राचे अंतरंग पहिल्यांदा दाखवले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर ते उघडले. मुंबई पाहायला गेलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाने ते टाळले असेल असे मला वाटत नाही. २०१५ साली ते नव्या रूपात पुन्हा उघडले आणि २०२० च्या साथीत त्याची दारे लागली. जानेवारीत काकांबरोबर मासे आणायला गेलो तेव्हा त्या बंद दारावरून गेलो. काका क्षणभर टॅक्सी थांबवा म्हणाले, आणि मग नको म्हणाले.

दुकानात आम्हाला दोन विदूषक मासे मिळाले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, लहान मुले चित्रपटामुळे ओळखतात ते. टाकीतच जन्मलेले होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले घेण्याचे कारण नाही. सोबत एक निळा डॅमसेल घेतला. मग दुकानदाराने आवाज उतरवून विचारले, “जिवंत प्रवाळ पाहिजे?” आणि मागच्या टाकीवरचे फडके बाजूला केले. हिरव्या-जांभळ्या रंगाचे ते तुकडे पाहून मी तर हरखलोच. परंतु दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच. काकांनी दुकानातूनच घरी फोन लावला. काकूंनी विचारले, कुठले आहेत? हे दुकानदाराला सांगता येईना. काकू म्हणाल्या, “तेंका थंयच रवांदेत.” ती त्यांची मालवणी होती, म्हणजे विषय संपला.

मालवणच्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, आणि तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहते आणि भाडे म्हणून अन्न देते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून तसेच काही आठवडे राहिले की हा भाडेकरू निघून जातो आणि प्रवाळ पांढरा पडून उपाशी मरू लागतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच झाले.

दुपारी मुंबईहून निघणारी जनशताब्दी आम्हाला थेट हिंगोलीस पोहोचवणार होती. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, खोके काकांच्या मांडीवर. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत तीन प्रवाशांनी आत काय आहे ते विचारले. “समुद्र,” असे काका गंभीरपणे सांगत, आणि विचारणारा जरा सरकून बसे. मनमाड गेल्यावर थंडी वाढली तशी काकांनी अंगावरची शाल काढून खोक्याला गुंडाळली. जालना, परभणी, पूर्णा, वसमत... प्रत्येक स्टेशनाला ते झाकण किंचित उचलून पाहत. उशिरा रात्री घरी पोहोचलो तेव्हा काकू जाग्या होत्या. पिशवीतल्या पाण्यात टाकीतले पाणी थेंब थेंब सोडून माशांना नव्या पाण्याची सवय करावी लागते. त्यात आणखी दोन तास गेले. शेवटी मासे सुटले. काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “समुद्र असो गप रवणा नाय.” झाले! दुसऱ्या दिवसापासून काका पाण्याला हेलकावा देणाऱ्या पंपाच्या मागे लागले, आणि आठवड्याभरात पाणी डावी-उजवीकडे झुलू लागले.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत सहज जातो, आणि टाकीतले पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवायचे. येथे मराठवाड्याच्या कोरड्या हवेनेच हात दिला. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवन होते आणि पाणी चांगले तीन-चार अंशांनी उतरते. वाळ्याच्या ताट्यांचे शास्त्र तेच. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एवढा लागू पडत नाही. मात्र पाणी उडते, मीठ मागे राहते, म्हणून रोज कित्येक लिटर गोडे, गाळलेले पाणी वर घालावे लागते. गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो. काकू आपल्या वाट्याच्या पाण्यातून हे पाणी बाजूला काढीत. हा छंद गरिबाचा नाही, आणि टंचाईच्या गावात तो करावा की नाही असा प्रश्न कोणी विचारला तर मला तो चुकीचा वाटणार नाही.

मे महिन्यात एका रात्री वादळ झाले. तारा तुटल्या, वीज गेली. इन्व्हर्टर अकराच्या सुमारास बंद पडला. पाणी हलले नाही तर त्यात प्राणवायू मुरत नाही, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी. काकांनी मला हाक मारली. तांब्याने पाणी उचलायचे आणि हातभर उंचीवरून सोडायचे, एवढेच काम. आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाने पाळ्या लावल्या. दोनच्या सुमारास काका थकले, तेव्हा काकूंनी खुर्ची ओढून घेतली आणि तांब्या हातात घेतला. कंदिलाच्या उजेडात ती बाई बसून पाणी उचलत होती, ओतत होती, आणि त्या आवाजात काहीतरी ऐकत होती. मी जा म्हटले असते तरी घरी गेलो नसतो. पाच वाजता वीज आली. निळा डॅमसेल तळाशी पडला होता. विदूषकांची जोडी जगली.

या माशांचे एक नवल आहे. सगळे जन्मतः नरच. जोडीतला वरचढ असेल तो मादी होतो. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या. पावसाळ्यात त्या जोडीने सिमेंटच्या दगडाला नारिंगी अंड्यांचा ठिपका चिकटवला. पिल्ले जगली नाहीत. त्यांना लागणारे सूक्ष्म अन्न वेगळे वाढवावे लागते. काका आता त्याच्या मागे आहेत. न्हाणीघरात हिरव्या पाण्याच्या सहा बाटल्या आहेत आणि पाहुण्यांनी त्यांना हात लावायचा नाही.

यंदा भाऊबीजेला काकूंचे धाकटे भाऊ मालवणहून येत आहेत. “येताना कॅनभर आपल्या समुद्राचे पाणी आणू का?” असे त्यांनी फोनवर विचारले. काकांचा चेहरा उजळला. ते हो म्हणणार एवढ्यात काकूंनी फोन घेतला.

“पाणी नको. सुके बांगडे घेवन ये.”