हजेरीपटाबाहेर

750 पैकी 282.

1907 साली मॅट्रिक झालेल्या एका मुलाचे हे गुण. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी, परळच्या डबक चाळीत राहणारा, वय सोळा. टक्के काढले तर अडतीसच्या आतच भरतात. पनवेलमध्ये दर वर्षी टपाल नाक्यापासून उरण नाक्यापर्यंत निकालाचे फ्लेक्स लागतात, हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली ठळक टक्के. त्यांच्यासमोरून जाताना मला हमखास हा आकडा आठवतो आणि त्यामागोमाग त्या मुलाला एक पुस्तक देणारे केळुसकर मास्तर आठवतात.

मुलगा भीमराव रामजी आंबेडकर. मास्तर कृष्णाजी अर्जुन केळुसकर. हे नाते मला पहिल्यापासून विलक्षण वाटत आले आहे, कारण केळुसकर त्याचे वर्गशिक्षक नव्हतेच. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत आणि मुलगा एल्फिन्स्टनचा. त्यांच्या हजेरीपटावर हे नाव कधी चढले नाही, त्याची वही त्यांनी कधी तपासली नाही, त्याच्या पास-नापास होण्याचा जाब त्यांना कुणी विचारणार नव्हते. ते संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जात आणि तिथे त्यांना एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसे. शाळा सुटल्यावर बाकीची पोरे खेळायला पळत असताना हा बागेत का येतो, याचे त्यांना कुतूहल वाटले. त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली. तू कोण, कुठला, काय वाचतोस. नंतर ते त्याला स्वतःजवळची पुस्तके देऊ लागले.

चर्नी रोड स्टेशनला लागूनच ती बाग आहे. आता तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. पनवेलहून त्या बाजूला कामासाठी जाणे झाले की मी कठड्याशी क्षणभर थांबते. आत एखादे तरी पोर पुस्तक घेऊन बसलेले असते, एखादे मोबाइल घेऊन. आपल्यापैकी किती जण त्याच्याजवळ जाऊन विचारतील, काय वाचतोस बाळा?

त्या मुलाच्या घरी वाचायला जागा नव्हती. चाळीतल्या एकाच खोलीत सगळा संसार. चरित्रकारांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे: निजायला जागा केली की उशाशी जाते, पायाशी बकरी, आणि उजेड म्हणून काच नसलेला घासलेटचा दिवा. वडील रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी आपण आडवे होत. पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर लेकीचे दागिने गहाण ठेवत. शाळेत फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले असत. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले की बाकीची मुले आधी धावत जाऊन आपापले डबे उचलून घेत. संस्कृत शिकायची इच्छा होती, तिथेही दार बंद, म्हणून फारसी घ्यावी लागली. हे सारे भोगून मिळवलेले 282 गुण. गुणपत्रिकेवर यातले काहीच छापलेले नसते. केळुसकरांनी मात्र तो मुलगा बाकावर बसलेला पाहिला होता, रोज, आणि त्यांना तेवढे पुरले.

मग भीमरावाचा सत्कार झाला. चरित्रकार तो मॅट्रिकनंतरचा, 1907 सालचा सांगतात आणि सीताराम केशव बोले अध्यक्ष होते असे लिहितात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो इंग्रजी चौथी पास झाल्याच्या वेळचा सांगितला आहे, अध्यक्षपदी दादा केळुसकर, म्हणजे हेच केळुसकर मास्तर. 1956 साली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना, जवळपास अर्धशतकामागचे ते आठवत होते. साल आणि इयत्ता जुळत नाही, पण पुस्तक जुळते. त्या दिवशी केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले, हे दोन्हीकडे एकच आहे.

त्या आठवणीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रामजी सुभेदारांना सत्कार नको होता. कौतुकाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना धास्ती. सत्कार भरवू पाहणारी मंडळी केळुसकरांकडे गेली आणि केळुसकरांनी सुभेदारांशी वाद घालून त्यांना राजी केले. बापाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? रात्री दोनला उठवणारा बाप तो. पण त्याचा विश्वास चार भिंतींच्या आत राहणारा, दृष्ट लागू नये म्हणून झाकून ठेवलेला. तोच विश्वास चार माणसांत उभे राहून बोलून दाखवणारे बाहेरचे कुणीतरी लागते. मला हे पटते, कारण माझ्याही घरी एक बाई अशाच वाद घालायला आल्या होत्या.

आमचे गाव पनवेलच्या खाडीकाठचे. आज ती जमीन विमानतळाच्या कुंपणाआत आहे. तेव्हा तिथे भातशेती होती, पलीकडे मिठागरे आणि मधून जाणारा खारबांध. मोठ्या भरतीला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरायचे आणि सगळे गाव रात्री चिखल टाकायला धावायचे. गावातली शाळा संपल्यावर आम्ही पनवेलच्या हायस्कूलला जाऊ लागलो. मी ‘क’ तुकडीत होते. गावाकडच्या पोरी बहुतेक ‘क’मध्येच असत, बाकावर कोपऱ्यात, तोंड उघडले की बोलीमुळे हशा पिकेल या भीतीने गप्प. मराठीच्या त्या बाई ‘अ’ तुकडीला शिकवायच्या. आमच्या तुकडीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

एका मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली बसले होते. डबा खाऊन झाला होता आणि भाकरी ज्यात बांधून आणली होती तो वर्तमानपत्राचा तुकडा मांडीवर सरळ करून वाचत होते. तेलाचे डाग पडलेल्या जागी पलीकडची अक्षरेही दिसत होती. बाई जिना उतरत होत्या, थांबल्या.

“काय वाचतेस ग?”

“कागद, बाई.”

“कशाबद्दल आहे?”

मी सांगितले. कुठल्याशा गावच्या पुराची बातमी होती, अर्धीच.

“मग पुढं काय झालं त्या माणसांचं?”

“पुढचं फाटलंय.”

त्या हसल्या नाहीत. “शाळा सुटल्यावर फाटकाशी थांब,” एवढेच म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी त्या मला पनवेलमधल्या जुन्या वाचनालयात घेऊन गेल्या. टेबलामागच्या गृहस्थांसमोर त्यांनी आपले सभासद कार्ड ठेवले. पिवळट जाड कागद, कोपरे मऊ पडलेले, वर बाईंचे नाव शाईने लिहिलेले. “यावर ही पुस्तकं नेईल,” त्या म्हणाल्या, “नाव माझं, सही हिची.” गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले, मग रजिस्टर माझ्यासमोर वळवले. माझी अनामत भरायची आमच्या घरी ऐपत नव्हती आणि बाईंनी तो विषयच काढू दिला नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का पडला. तो शिक्का ओला होता. मी ते पुस्तक घरी पोचेपर्यंत उघडेच धरले, पुसू नये म्हणून.

त्यानंतर बाईंनी मला कधी ‘हुशार आहेस’ म्हटल्याचे आठवत नाही. पाठीवर थाप नाही, वर्गात उभे करून कौतुक नाही. जिन्यात भेटल्या की एकच विचारायच्या, “सध्या काय चाललंय?” आणि उत्तर नीट ऐकून घ्यायच्या. वाचलेले आवडले नाही म्हटले तर का नाही आवडले, हेही विचारायच्या. कौतुक करणारी माणसे पुढे पुष्कळ भेटली. ऐकून घेणारी थोडी.

दहावीला मला दुसरा वर्ग मिळाला. घरात ठरूनच गेले होते, आता शाळा पुरे. बाबांचेही काही चुकत नव्हते. एसटीचा खर्च, मागची भावंडे, शेतात हात कमी. जूनच्या पावसात बाई आमच्या गावी आल्या. फाट्यावर उतरून चपला हातात घेऊन बांधावरून चालत आल्या. पायरीशी पाय धुतले आणि ओट्यावर बसल्या. आईने कोरा चहा दिला. बाबा उभेच.

“बाई, पोर बरी हाय आमची, पन मार्क काय लय नाय परलं तिला.”

“मार्कांचं मी बोलतच नाही,” बाई म्हणाल्या. “ही वाचते. हिला थांबवलंत तरी ही वाचणारच आहे, मग नीट वाचू दे की. निर्णय तुमचा. मला वाटतं ते तुम्हाला सांगायला आले.”

बाबा बराच वेळ पागोळ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पास कितीला परतो एसटीचा?”

मी रयत शिक्षण संस्थेच्या महात्मा फुले महाविद्यालयात गेले. ते 1970 साली पनवेलमध्ये सुरू झाले नसते, तर बाईंच्या त्या पायपिटीचाही उपयोग झाला नसता, हेही मला ठाऊक आहे. शिक्षकाचा विश्वास एकटा पुरत नाही. त्याला पुढे उघडे असलेले एखादे दार लागते, आणि दार नसेल तर ते कुणाला तरी ठोठवावे लागते.

केळुसकरांनी तेच केले. इंटर झाल्यावर भीमरावाचे शिक्षण पैशावाचून अडले, तेव्हा ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले आणि मुलाला त्यांच्यासमोर उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. मागे साताऱ्याच्या शाळेत एक आंबेडकर मास्तर मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातली भाजी-भाकरी त्याला देत असत. भाकरी, पुस्तक, सदरा, दरमहा 25 रुपये. या मुलावर ज्यांनी ज्यांनी विश्वास टाकला, त्यांनी काहीतरी हातात दिले. नुसते आशीर्वाद देऊन कुणी थांबले नाही. जुलै 1913 मध्ये तो मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला.

केळुसकर 1934 साली गेले. महाडचा सत्याग्रह त्यांच्या हयातीत झाला, गोलमेज परिषदाही. संविधान 1949 साली स्वीकारले गेले, तेव्हा ते नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बुद्धाला शरण जाऊन धम्मदीक्षा घेतली, तेव्हाही नव्हते. त्या घटनेचे सारे श्रेय एका भेट दिलेल्या पुस्तकाला देणे बरोबर होणार नाही. बाबासाहेबांनी पुढची अनेक वर्षे स्वतः अभ्यास केला, पारखले, तोलले आणि मगच पाऊल उचलले. पण आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, प्रकृती साथ देत नसताना, त्यांनी प्रस्तावनेत दादा केळुसकरांचे नाव आठवणीने लिहिले. ते पुस्तक वाचून आपण फार प्रभावित झालो, असे नमूद केले.

आमच्या बाईही आता नाहीत. पनवेलची 2016 साली महानगरपालिका झाली, टोलेजंग इमारती झाल्या, गल्लोगल्ली क्लासेस झाले. खारबांध गेला, मिठागरे गेली. पण विस्थापित गावांतली, कर्नाळ्याच्या आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली पोरे अजून या शहरातल्या शाळांत येतात आणि शेवटच्या बाकावर गप्प बसतात. त्यातले एखादे हातात पडेल तो कागद वाचत असेल. तुम्ही शिक्षक असाल किंवा नसाल, ते तुमच्या हजेरीपटावर असो की नसो, एकदा थांबून त्याला विचारा, काय वाचतोस म्हणून. आणि जवळच्या वाचनालयात जाऊन त्याच्या नावाची अनामत भरून या.