चाळीस गुंठे गवत

ओहायो प्रांतात आम्ही घर घेतले तेव्हा घराबरोबर एक एकर गवतही आमच्या पदरी पडले. एक एकर म्हणजे आपल्याकडचे ४० गुंठे. देशावर एवढ्या जमिनीपायी भावाभावांत दोन पिढ्या कज्जे चालतात. येथे मात्र तीत केवळ गवत वाढवावयाचे आणि वाढले की कापून टाकावयाचे, असा शिष्टाचार आहे. गवत वीतभर झाले की शेजारी प्रथम हसून व पुढे न हसता पाहू लागतात, आणि पुष्कळ गावी तर नगरपालिकेची नोटीसही येते.

इंग्लंडातील एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतील यंत्र पाहून त्यास ही युक्ती सुचली. सद्गृहस्थांस हे यंत्र स्वतः चालविणे म्हणजे मनोरंजक व आरोग्यदायक व्यायाम होईल, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आम्ही तीन वर्षे हा व्यायाम केला. चौथ्या वर्षी आमच्या हृदयाने तक्रार केली, आणि यंत्र ढकलण्यास डॉक्टरांनी साफ मनाई केली. वर बसून चालवावयाचे नवे यंत्र घ्यावे, तर दोन-अडीच हजार डॉलर हवेत. औषधपाण्याने खिसा आधीच हलका झालेला. तेव्हा जुने घेण्याचे ठरले.

पहिली खरेदी एका दुकानदाराकडे झाली. यंत्राचा रंग कोरा करकरीत, आणि किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरू लागले. आम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले होते, ही गोष्ट हाताला जाणवूनही मनाला जाणवली नाही. ६०० डॉलर मोजून आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो. महिन्याच्या आत यंत्र निळा धूर ओकू लागले. पात्यांवरच्या पत्र्याचा रंग उडाला, तो खाली गंजाची चाळण! एके सकाळी इंजिन जे थांबले ते कायमचेच. आमच्या सौभाग्यवती एक शब्द बोलल्या नाहीत, हेच अधिक लागले. त्या ओशाळेपणात एका दुपारी आम्ही जुने ढकलयंत्र गुपचूप बाहेर काढले, आणि अर्ध्या गवतात छाती धरून खाली बसलो. त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा आम्ही विसरू शकत नाही.

यानंतर मात्र आम्ही अभ्यासास लागलो. इंजिन थंड असतानाच पाहावे, कारण तापलेले इंजिन कोणालाही फसविते. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. रंगावर न जाता पात्यांवरच्या पत्र्याखाली बोटे फिरवावी, कारण ओले गवत तेथे चिकटून राहते आणि गंज आतून चढतो. मात्र हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढावी. यंत्र तापल्यावर ते चढावर नेऊन पाहावे. पाती फिरत असता बैठकीवरून किंचित उठावे. इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे. ही सोय कोणी तारेने बांधून ठेवली असेल, तर यंत्रापेक्षा धन्याचाच संशय धरावा.

एवढी शिदोरी घेऊन आम्ही एका वृद्ध गृहस्थाकडे गेलो. घर विकून ते मुलाकडे राहावयास निघाले होते. “तुम्ही येणार म्हणून मुद्दाम सुरू केले नाही,” ते म्हणाले. तासांच्या घड्याळात ३६० चा आकडा होता. एप्रिल ते ऑक्टोबर, आठवड्यास एक तास, म्हणजे वर्षास सुमारे ३० तास; त्यांनी सांगितलेल्या बारा वर्षांशी हिशेब बरोबर जुळला. पाती फिरू लागताच डावीकडून बारीक घरघर ऐकू आली. आम्ही मनात हर्षभरित झालो! मागणी ९०० ची होती. हा दोष ऐन वेळी पुढे करून ७५० वर आणावयाचे, असा बेत होता. तोच म्हातारेबुवा म्हणाले, “डाव्या पात्याचे बेअरिंग बोलू लागले आहे. या हंगामात बदलून घ्या. ते धरूनच किंमत सांगितली आहे.” आणि त्यांनी एक लहानशी वही आमच्या हाती दिली. तेल केव्हा बदलले, पाती केव्हा परजली, सारे तारीखवार लिहिलेले होते. आमच्या भात्यातला एकुलता एक बाण त्यांनी आपण होऊन काढून घेतला होता. आम्ही मुकाट्याने ९०० मोजले.

“किती कमी केले?” घरी प्रश्न आला. “काहीच नाही,” आम्ही म्हणालो, आणि कित्येक आठवड्यांनी त्या हसल्या.

जुलैत बेअरिंग बदलले. यंत्रास आता आमच्याकडे चौथा हंगाम चालू आहे. निर्दोष जुने यंत्र आम्हांस अद्याप भेटले नाही. परंतु ज्याचे दोष आधी कळले, त्याने दगा दिलेला नाही. वही आम्ही पुढे चालविली आहे. गेल्या वर्षी आमच्या गाफीलपणाने एका पात्याखाली दगड आला आणि त्याचा दांडा किंचित वाकला. ते लिहिताना हात अडखळला. पुढे कधी विकावयाचे झाले तर हे वाक्य पन्नास डॉलरांस पडेल, हा हिशेब मनात आलाच. तरी ते तारखेसह लिहिले आहे, आणि शाईने लिहिले आहे.