दिवसाआड आणि कधीमधी

मंडळी, 'किती वेळा?' या प्रश्नाला आपल्या मराठीत उत्तरं भरपूर. वर्गात मी सांगायचो, पोरांनो, सोमवारी नळ आला आणि 'दिवसाआड' म्हटलं, तर पुढचं पाणी बुधवारी. 'दोन दिवसांआड' म्हटलं की थेट गुरुवारी! आमच्या वाशिमकडे उन्हाळ्यात हा हिशेब चुकून चालत नाही, म्हणून पोरांना तो लगेच कळायचा.

पण 'वरचेवर', 'अधूनमधून', 'कधीमधी' यांच्यात आकडाच नाही. तिथे ज्याचं त्यानं मोजायचं. १९७२ सालच्या दुष्काळाला आम्ही म्हातारी माणसं अजून 'बहात्तरचा' म्हणतो. तसं संकट वरचेवर आलं असतं, तर साल कुणी लक्षात ठेवलं असतं?

आमचा मुलगा पुण्याला असतो. महिन्यातून दोनदा फोन येतो. तो म्हणतो, "वरचेवर करतो की!" त्याची आई म्हणते, "कधीमधी करतो." दोघंही खोटं बोलत नाहीत. शेवटी मीच त्याला म्हटलं, "बाबा, एक वार ठरव." आता रविवारी संध्याकाळी ही फोनपासून हलत नाही.

असो. तुमच्या घरी कोणता शब्द चालतो? जरूर कळवा.